यकृतात थेट केमो सोडणारा पंप: भावाने तो बसवून घ्यावा का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे भाऊ न्यू जर्सीत राहतात, वय ५१. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात कर्करोग निघाला आणि त्याच वेळी यकृताच्या दोन्ही बाजूंना गाठी सापडल्या. आतड्याचे ऑपरेशन झाले, फोलफॉक्स या शिरेतून देण्याच्या केमोची आठ चक्रे झाली. गाठी लहान झाल्या, पण कापून काढता येतील इतक्या नाहीत. फुफ्फुसात किंवा इतरत्र काही दिसत नाही. आता न्यूयॉर्कच्या एका केंद्राने पोटात पंप बसवून केमो थेट यकृतात सोडण्याचा सल्ला दिला आहे. ताई विचारतात: केमो चालूच आहे, मग हे आणखी एक मोठे ऑपरेशन कशाला? हा प्रयोग तर नाही ना? त्यांना भारतात आणून इथेच हे करता येईल का, म्हणजे घरचे सगळे जवळ राहतील? आणि पंप बसवला तर ते घरी येऊ शकतील का?

मी यकृतातल्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करतो. ताईंनी सांगितले तसेच चित्र असेल, तर हा सल्ला विचार करून दिलेला आहे आणि तो गांभीर्याने घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र दोन अटी आहेत. आजार खरोखरच यकृतापुरता असला पाहिजे, आणि पंप बसवणाऱ्या व नंतर तो भरणाऱ्या डॉक्टर-नर्सना हे काम नेहमीचे असले पाहिजे. या अटी का, हे समजायला थोडी शरीररचना लागेल.

आतड्यांतून निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, आधी पोर्टल शिरेतून यकृतात येते. त्यामुळे आतड्याच्या गाठीतून सुटलेल्या पेशींचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा यकृतातच पडतो. काही रुग्णांत आजार पुढे कितीतरी महिने, कधी वर्षानुवर्षे, तिथेच राहतो. इतर बऱ्याच कर्करोगांत यकृतात गाठ दिसली म्हणजे रोग सर्वत्र पोचला, असेच धरावे लागते. आतड्याच्या कर्करोगात तसे धरून चालत नाही. चौथी स्टेज म्हटले की घरात सगळे हातपाय गाळतात. पण चौथ्या स्टेजमधलेच काही रुग्ण यकृतातल्या गाठी काढून पूर्ण बरे होतात, आणि त्यांत आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ असतात.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. साधारण तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून, उरलेले यकृत धमनीतून. निरोगी यकृतपेशी मुख्यतः पोर्टल शिरेच्या रक्तावर जगतात. गाठ मात्र काही मिलिमीटरपेक्षा मोठी झाली की जवळजवळ सगळे रक्त धमनीतून ओढते. ब्रीडिस आणि यंग या संशोधकांनी १९५४ मध्ये हे दाखवले आणि यकृतातल्या गाठींवर धमनीतून करायच्या सगळ्या उपचारांचा पाया तिथे पडला. धमनीत औषध सोडले की गाठीला जास्त मिळते, निरोगी यकृताला कमी. पित्तनलिका मात्र धमनीच्याच रक्तावर जगतात. हे लक्षात ठेवा, दुष्परिणामांच्या वेळी त्यावर पुन्हा यावे लागेल.

दुसरा भाग औषधाचा, आणि माझ्या मते हाच कळीचा. पंपात भरतात ते औषध एफयूडीआर, म्हणजे फ्लॉक्सयुरिडिन. अमेरिकेत त्याला १९७० मध्ये मान्यता मिळाली. ते धमनीतून यकृतात शिरले की पहिल्याच फेरीत ९४ ते ९९ टक्के यकृतातच शोषले जाते. बाहेर पडते ते अगदी थोडे, आणि तेही काही मिनिटांत निकामी होते. त्यामुळे गाठीजवळ औषधाची तीव्रता शिरेतून दिल्यापेक्षा शंभर ते चारशे पट जाऊ शकते, तरी बाकीच्या शरीराला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. फोलफॉक्समधले ५-एफयू हे याच कुळातले, पण ते धमनीतून सोडले तर यकृत त्यातले निम्मे किंवा त्याहूनही कमी पकडते; उरलेले शरीरभर फिरते.

मात्रेवरूनही याचा अंदाज येईल. एफयूडीआर सुरुवातीला दिवसाला किलोमागे ०.१२ मिलिग्रॅम देतात. ७० किलोच्या माणसाला दिवसाला साडेआठ मिलिग्रॅमच्या आत, चौदा दिवसांत सगळे मिळून १२० मिलिग्रॅमही नाही. त्याच माणसाला फोलफॉक्सच्या एका चक्रात ५-एफयू साधारण पाच ग्रॅम जाते. औषधे वेगळी असल्याने मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावू नये, हे खरे. पण पंपातल्या औषधाने केस का जात नाहीत, पांढऱ्या पेशी का पडत नाहीत, तोंड का येत नाही, हे यावरून समजते. भावाला असे त्रास झाले तर ते सोबत चालू असलेल्या शिरेतल्या केमोमुळे होतील.

हो, शिरेतली केमो सोबत चालूच राहते. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जे औषध यकृतातच संपते ते यकृताबाहेर लपलेल्या पेशींना हात लावू शकत नाही. अमेरिकेतल्या सीएएलजीबी ९४८१ या चाचणीने हे स्पष्ट केले. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तिच्यात १३५ रुग्ण होते. निम्म्यांना फक्त पंपातून एफयूडीआर, निम्म्यांना फक्त शिरेतून ५-एफयू. पंपाच्या गटात निम्मे रुग्ण २४.४ महिन्यांपेक्षा जास्त जगले, दुसऱ्या गटात हा आकडा २० महिने होता. यकृतातला आजार पंपाने जास्त काळ आवरला. पण यकृताबाहेर आजार पंपाच्या गटात लवकर डोके वर काढत होता: ७.७ महिन्यांत, तर शिरेतून औषध घेणाऱ्यांत १४.८ महिन्यांत. म्हणून आज जाणकार केंद्रांत पंप शिरेतल्या केमोच्या जागी वापरत नाहीत, तिच्या जोडीला वापरतात. कोणी पंप घ्या आणि केमो बंद करा असे सुचवले तर कारण विचारा.

हा प्रयोग आहे का? नाही. पोटात बसवायचा पंप १९७० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात ब्लॅकशिअर, बुखवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये डॉ. नॅन्सी केमेनी यांनी कित्येक दशके या उपचाराचा पाठपुरावा केला. तरीही जगभर सर्वांनी मान्य केलेला पहिला उपचार असा त्याचा दर्जा नाही, आणि हेही तुम्हाला माहीत असले पाहिजे. पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे पातळ, ते सांगतो.

केमेनींची १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी गाठी आधीच काढलेल्या १५६ रुग्णांवर होती. ऑपरेशननंतर पंप आणि शिरेतली केमो दोन्ही घेतलेल्यांपैकी ८६ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते, फक्त शिरेतली केमो घेतलेल्यांपैकी ७२ टक्के. पुढे दहा वर्षांचा हिशेब लागला तेव्हा ४१ विरुद्ध २७ टक्के असे आकडे आले, पण एकूण आयुर्मानातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद ठरला नाही. त्याच संस्थेने २०१७ मध्ये यकृताची शस्त्रक्रिया झालेल्या २३६८ रुग्णांची नोंद तपासली. पंपवाल्यांचे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा) ६७ महिने, इतरांचे ४४. फरक मोठा आहे, पण कोणाला पंप द्यायचा हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. चांगल्या प्रकृतीचे रुग्ण पंपाच्या बाजूला जास्त गेले असण्याची शक्यता अशा अभ्यासात राहतेच.

तुमच्या भावांसारख्या, म्हणजे गाठी काढता न येणाऱ्या रुग्णांसाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१५ चा अभ्यास. त्यात ४९ रुग्ण होते. गाठींची मध्यम संख्या १४, बऱ्याच जणांची आधी केमो झालेली. पंप आणि शिरेतली केमो मिळून त्यांतल्या ४७ टक्के रुग्णांच्या गाठी काढण्याजोग्या झाल्या. अभ्यास लहान आहे, एकाच निष्णात केंद्रातला आहे, तुलनेला दुसरा गट नाही. तरीही चौदा गाठींचे यकृत ऑपरेशनपर्यंत येणे ही यकृताच्या सर्जनला किती मोठी गोष्ट वाटते, हे शब्दांत सांगणे अवघड आहे. भावांच्या बाबतीत पंपाचे ध्येय तेच असावे: गाठी इतक्या आक्रसाव्यात की काही कापून, काही मायक्रोवेव्हने जाळून यकृत मोकळे करता येईल. तुमच्या डॉक्टरांचे ध्येय हेच आहे का, की केवळ आजार आवरून धरणे, हे त्यांच्या तोंडून ऐका. दोन्ही ध्येये योग्य असू शकतात, पण ऑपरेशनला तयार होणाऱ्या माणसाला त्यांतले कोणते ते माहीत हवे.

आजची ताकदीची केमो एका बाजूला आणि तीच केमो अधिक पंप दुसऱ्या बाजूला, अशी सरळ तुलना करणारी मोठी चाचणी अमेरिकेत ईए२२२२ या नावाने २०२३ मध्ये सुरू झाली. भाऊ तिच्यात बसतात का, हे विचारायला हरकत नाही. पण चाचणीत गेले तर पंप मिळेलच असे नाही, कारण गट संगणक ठरवतो.

ब्रिटन आणि युरोपात झालेल्या एका चाचणीबद्दलही सांगायला हवे, कारण इंटरनेटवर ती हमखास सापडते आणि ‘धमनीतल्या केमोचा काही उपयोग नाही’ असा अर्थ त्यातून काढला जातो. २००३ मध्ये निष्कर्ष आलेल्या त्या चाचणीत २९० रुग्ण होते. धमनीतून औषध घेणारे आणि शिरेतून घेणारे, दोघांचे आयुर्मान जवळजवळ सारखे निघाले, पावणेपंधरा महिन्यांच्या आसपास. पण तिथे औषध होते ५-एफयू, जे यकृत नीट पकडत नाही, आणि साधन होते त्वचेखालचा साधा पोर्ट, म्हणजे बाहेरून सुई टोचून औषध सोडायची डबी. धमनीच्या गटातल्या ३७ टक्के रुग्णांना उपचार सुरूच करता आले नाहीत, आणखी २९ टक्क्यांना कॅथेटर (औषधाची नळी) बिघडल्याने सहा चक्रांच्या आत थांबवावे लागले. या चाचणीतून मी घेतो तो धडा असा की औषध, साधन आणि हात या तिन्हींपैकी एक जरी कच्चे असले तरी धमनीतली केमो वाया जाते.

आता ऑपरेशन. पंप तळहातात मावेल असा, चपटा गोल, धातूचा असतो आणि पोटाच्या त्वचेखाली कप्पा करून बसवतात. त्याला बॅटरी नाही. आत दोन कप्पे: एकात औषध, दुसऱ्यात वायू. शरीराच्या उष्णतेने वायू फुगतो आणि औषध सावकाश, रात्रंदिवस, बारीक नळीतून पुढे ढकलतो. नळी सरळ यकृत धमनीत खुपसत नाहीत, तसे केले तर धमनी गुठळीने बंद पडू शकते. जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाकडे जाणारी गॅस्ट्रोड्युओडिनल नावाची जी फांदी असते, तिच्यातून नळी घालून टोक मूळ धमनीच्या तोंडाशी आणून ठेवतात. फांदी बांधून टाकतात. जठर, लहान आतडे, स्वादुपिंड यांच्याकडे जाणाऱ्या इतर बारीक फांद्याही एकेक शोधून बांधाव्या लागतात, कारण एखादी सुटली तर इतकी तीव्र केमो जठरात जाऊन अल्सर होतो. पित्ताशय काढून टाकतात, नाहीतर औषधाने त्याला सूज येते. रंगद्रव्य सोडून टेबलावरच पाहतात की सगळे यकृत रंगले आणि जठर रंगले नाही. आणि एफयूडीआरचा पहिला थेंब जाण्याआधी पंपातून किरणोत्सारी टेक्निशियम सोडून न्यूक्लिअर स्कॅन करतात. तो स्कॅन स्वच्छ आल्याशिवाय औषध भरू नये. ऑपरेशन पोट उघडून झाले तर रुग्णालयात चार-सहा दिवस धरा. अनुभवी केंद्रांत रोबोटनेही होते.

यात खरी कसोटी धमन्यांच्या रचनेची. साधारण दर तीन माणसांत एकाची यकृत धमनी पुस्तकातल्यासारखी नसते. कोणाची उजवी धमनी आतड्याच्या धमनीतून येते, कोणाची डावी जठराच्या धमनीतून. ते आधी सीटी अँजिओग्राफीत नीट वाचून, जास्तीच्या धमन्या बांधून, एका नळीतून सगळ्या यकृताला औषध पोचेल अशी आखणी करावी लागते. हे काम नजरेने आणि सरावाने येते. स्लोन केटरिंगने ५४४ पंपांचा आढावा २००५ मध्ये छापला. पंपाशी संबंधित गुंतागुंत २२ टक्क्यांत झाली होती, आणि ज्या सर्जननी २५ पेक्षा कमी पंप बसवले होते त्यांच्या रुग्णांत ती जास्त होती. म्हणून, ताई, ‘तुम्ही स्वतः किती पंप बसवले आहेत?’ हा प्रश्न सर्जनला विचारण्यात काही उद्धटपणा नाही. तिकडे तर तो रोज विचारला जातो.

मला सगळ्यांत जास्त सांभाळावीशी वाटते ती पित्तनलिका. तिचे रक्त धमनीचेच असल्याने एफयूडीआरची धग तिला लागते. आधी सूज येते, आणि औषध वेळीच कमी केले नाही तर नलिका कायमची आकसते, कावीळ होते, स्टेंट टाकावा लागतो. मोठ्या केंद्रात हे दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास रुग्णांत होते. टाळायचा मार्ग एकच: दर दोन आठवड्यांनी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, आणि आकडे हलताच माघार. त्यातले अल्कलाइन फॉस्फेटेज सुरुवातीच्या दीडपट झाले किंवा बिलिरुबिन वाढले की औषध थांबवून त्या खेपेला पंपात फक्त सलाईन आणि गुठळी रोखणारे हेपरिन भरायचे. पंपात एफयूडीआरसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घालतात तेही याचसाठी. बेवासिझुमॅब हे एरवी केमोच्या जोडीला देतात ते औषध मात्र पंपाबरोबर टाळतात, कारण त्या जोडीने पित्तनलिकांचा त्रास वाढलेला दिसला आहे. एक खेप चुकली म्हणून घरच्यांनी घाबरू नये. माघार घेणारे डॉक्टर सावध आहेत. रिपोर्ट न पाहता दर वेळी पूर्ण मात्रा भरणाऱ्यांची मला काळजी वाटते.

याच कारणासाठी एक कळकळीची विनंती. यकृताला बळ म्हणून गुळवेल, काढे, चूर्णे, ‘लिव्हर टॉनिक’ असे काही नाशिकहून पाठवू नका. गुळवेल घेतलेल्यांना यकृताची सूज आल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवले आहेत. आणि त्रास झाला नाही तरी एलएफटीचे आकडे कशाने हलले हे कळेनासे होते. त्या आकड्यांवर भावाची प्रत्येक मात्रा ठरणार आहे. प्रेमाने पाठवलेल्या बाटलीमुळे चालू उपचार अडू नये.

भारतात आणून हे करता येईल का? स्पष्ट सांगतो: पंपासाठी म्हणून त्यांना आणू नका. इथे यकृतातल्या गाठींची शस्त्रक्रिया उत्तम होते. मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नईतले सर्जन त्यात कोणाला हार जाणार नाहीत. मायक्रोवेव्ह, नेमका रेडिएशनचा झोत, धमनीतून केमोचे मणी सोडून धमनी बंद करणारी टेस, किरणोत्सारी यट्रियमचे मणी सोडणारी टेअर, हे सगळे इथल्या मोठ्या रुग्णालयांत मिळते. पण एफयूडीआर पंपाची पूर्ण व्यवस्था, म्हणजे पंप, औषध, तो भरणाऱ्या नर्स, न्यूक्लिअर स्कॅनची ठरलेली पद्धत, मात्रा कमी करण्याचे रुळलेले नियम, हे इथे रोजच्या उपचारात नाही. अमेरिकेतसुद्धा २०१८ मध्ये कॉडमन कंपनीने आपला पंप बनवणे थांबवले तेव्हा मोठमोठ्या केंद्रांची अडचण झाली होती. नंतर त्याच धर्तीचा इंटेरा पंप आला. उपचार इतक्या थोड्या साधनांवर उभा असताना, न्यूयॉर्कमध्ये हाताशी असलेली व्यवस्था सोडून इकडे येण्यात मला शहाणपण दिसत नाही. घरच्यांपैकी कोणीतरी तिकडे जाऊन पहिले दोन महिने राहावे, हे जास्त उपयोगी.

‘लिव्हरमध्ये डायरेक्ट केमो आमच्याकडेही होते’ असे इथे कोणी सांगितले तर त्यांना बहुधा टेस म्हणायचे असते. यकृतातच सुरू झालेल्या कर्करोगात टेसला मानाचे स्थान आहे. आतड्यातून आलेल्या गाठींत इरिनोटेकॅन या केमोचे मणी वापरतात, पण तो पुरावा छोट्या अभ्यासांचा आहे. यट्रियमचे मणी सुरुवातीच्या केमोबरोबर दिले तर आयुष्य वाढते का, हे ११०० हून जास्त रुग्णांवर तपासले गेले आणि २०१७ मध्ये उत्तर नाही असे आले. केमो निष्प्रभ झाल्यावर त्यांचा काही उपयोग होतो. स्तनाच्या किंवा जठराच्या कर्करोगाच्या यकृतातल्या गाठींना हे पंपाचे गणित जसेच्या तसे लावू नका.

होकार देण्याआधी गाठीच्या तुकड्याची एक तपासणी झाली आहे ना, एवढे नक्की पाहा: एमएसआय, म्हणजे मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता. थोड्या रुग्णांत ती जास्त निघते, आणि मग पंपाचा विचार मागे पडतो, कारण त्यांना इम्युनोथेरपी केमोपेक्षा चांगली लागू पडते. केआरएएस आणि बीआरएएफ या जनुकांचे रिपोर्टही हाताशी असू द्या. फुफ्फुसाचा सीटी ताजा हवा, यकृताचा एमआरआय हवा. पोर्टल शिरेत गुठळी नाही, पोटात पाणी नाही, बिलिरुबिन ठीक आहे, हेही. यकृताबाहेर ठळक आजार निघाला तर पंपाचा नाद सोडावा. एखाद्या बारीक, संशयास्पद ठिपक्याने मात्र लगेच सोडू नये. तिथे त्यांच्या ट्यूमर बोर्डाचा, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीचा, निर्णय मानावा.

ताईंनी शेवटी लिहिले आहे की स्वतःच्या यकृताचा भाग भावाला द्यायची त्यांची तयारी आहे. ही कल्पना वेडेपणाची नाही. फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या ट्रान्समेट चाचणीत काढता न येणाऱ्या गाठींच्या निवडक ९४ रुग्णांना घेतले. निम्म्यांना केमो आणि यकृत प्रत्यारोपण, निम्म्यांना फक्त केमो. २०२४ च्या अहवालानुसार पाच वर्षांचे आयुष्य पहिल्या गटात ५७ टक्क्यांच्या जवळ, दुसऱ्यात १३ च्या जवळ. पण निवड अतिशय कडक होती: आतड्याची मूळ गाठ काढलेली, यकृताबाहेर काही नाही, बीआरएएफ बदल नाही, केमोवर आजार काही महिने स्थिर. तिथे यकृते मृत दात्यांची होती. आज हे मनात ठेवा, दात्याच्या तपासण्यांची घाई करू नका. आधी पंप आणि केमोला गाठी कसा प्रतिसाद देतात ते पाहू द्या. तो प्रतिसादच पुढे प्रत्यारोपणाचा विचार करायचा की नाही हे बरेचसे ठरवेल.

भावाला आजाराची पूर्ण कल्पना आहे ना? आपल्याकडे रुग्णापासून लपवायची सवय आहे. या उपचारात ते चालत नाही. ताप आला, पोटाच्या वरच्या भागात दुखले, काळी शी झाली, डोळे पिवळे दिसले, पंपावरची त्वचा लाल झाली, हे ओळखून त्याच दिवशी फोन करायचा असतो, आणि तो त्यांनाच करायचा आहे. ताप आणखी एका कारणाने महत्त्वाचा: शरीर तापले की पंपातला वायू जास्त फुगतो आणि औषध वेगाने जाते. म्हणून पंपावर गरम पाण्याची पिशवी नको, सॉना नको, गरम पाण्याच्या टबात बसणे नको. विमानात उंचीवर बाहेरचा दाब कमी झाला की तेव्हाही प्रवाह वाढतो.

मग घरी येता येईल का? येईल, पण पंपात एफयूडीआर असताना नाही. येण्याचे ठरले की दोन महिने आधी त्यांच्या टीमला सांगावे. दोन खेपांच्या मधल्या काळात ते पंपात ग्लिसरॉल भरून देऊ शकतात, ते सलाईनपेक्षा सावकाश जाते आणि पंप काही आठवडे भरायची गरज पडत नाही. किती आठवडे, ही तारीख लेखी घ्यावी आणि तिच्या आतच परतीचे तिकीट काढावे. पंप कोरडा पडला तर नळीत गुठळी होते, आणि मग सगळ्या ऑपरेशनचा उपयोग संपतो. पंपाचे ओळखपत्र पाकिटात ठेवावे, विमानतळावर आणि एमआरआयच्या आधी दाखवावे. आणि नाशिकमध्ये काही कारणाने रुग्णालयात जावे लागले तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा: पोटातली ही गोल वस्तू छातीतल्या केमोपोर्टसारखी नाही, हिच्यात सुई घालायची नाही, हिच्यातून सलाईन किंवा कोणतेही इंजेक्शन द्यायचे नाही. पंपात औषध जायचे दोन मार्ग असतात, एक टाकीत जाणारा आणि एक सरळ धमनीत जाणारा. अनोळखी हाताने चुकीच्या मार्गात औषध गेले तर यकृताला जबर इजा होते. हेच इंग्रजीत लिहून, न्यूयॉर्कच्या टीमचा चोवीस तासांचा फोन नंबर घालून, एक चिठ्ठी त्यांच्याकडून सहीनिशी घ्या. तिची एक प्रत तुमच्याकडे राहू द्या, एक तुमच्या घरच्या डॉक्टरांकडे.